चार मिनिटं दहा सेकंदांनंतर

लहानपणी मी लिंबातून रक्त काढू शकायचे. थट्टा नाही. गिरगावात आमच्या दोन खोल्यांच्या घरी दर रविवारी सकाळी बाबा चमत्कारांची तालीम करायचे. भोंदूगिरीविरुद्ध ते शाळाशाळांतून कार्यक्रम करत, आणि मी त्यांची असिस्टंट. सुरीला आधी काय लावायचं, पाणी शिंपडल्यावर नारळ पेटतो कसा... हे सगळं मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. तेव्हा माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे वेगळं सांगायला नको. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हसते. अमावस्या, सुनसान रस्ता, लिफ्ट मागणारी बाई – अहो, त्या बाईला रिक्षा मिळत नाही का कधी?

माझा अनुभव यातल्या कशातच बसत नाही. तो भर दुपारी साडेबाराला, लालबागच्या चाळीत, बारा माणसांच्या देखत आला. स्वयंपाकघरातून वड्यांच्या तळणीचा वास येत होता. लिहू की नको, यात दोन वर्षं गेली. घरातल्या एका माणसाचं अजूनही म्हणणं आहे की तो सगळा प्रकार मीच केला. म्हणून सगळं जसंच्या तसं लिहिते. ठरवा तुम्हीच.

मी अनघा. लोअर परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सपोर्टला आहे. 'मॅडम, स्क्रीन काळी झाली' असा फोन आला की जी बाई येते, ती मी. लग्न होऊन बारा वर्षं झाली. सासर कुडाळकडचं, पण सासऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा जन्म गिरणीत गेला. गावचा गणपती चुलत घरात असतो, त्यामुळे गिरणी बंद पडल्यावर तात्यांनी लालबागच्या खोलीतच दीड दिवसाचा गणपती बसवायला सुरुवात केली.

कोकणातल्या घरांत गणपतीपुढे गाऱ्हाणं घालतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – घरातला वडीलधारा माणूस हात जोडून देवाशी मोठ्याने बोलतो. घरात काय झालं, कुणाचं काय अडलंय, काय चुकलं, सगळं सांगतो. एकेक वाक्य 'रे म्हाराजा' म्हणून संपलं की बाकीचे एका सुरात 'व्हय म्हाराजा!' म्हणतात. मला देवाचं काही नाही, पण तात्यांचं गाऱ्हाणं ऐकायला मी लग्न झाल्यापासून पुढेच उभी असायचे. असा आवाज पुन्हा ऐकला नाही. गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटावर बोलून बोलून झालेला, मोकळा, खरखरीत आवाज.

शेवटच्या वर्षी तात्यांना कळलं होतं की पुढचा गणपती आपल्याला नाही. माझ्या नवऱ्याला, नितीनला, चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. आणि मोठे दीर, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांना मालवणी धड येत नाही. म्हणून तात्यांनी एका सकाळी आपल्या जुन्या लॅपटॉपसमोर एकट्याने बसून गाऱ्हाणं रेकॉर्ड केलं. प्रत्येक वाक्यानंतर थांबले... आपण 'व्हय म्हाराजा' म्हणायला जागा ठेवून. चार मिनिटं दहा सेकंद. पुढची तीन वर्षं आम्ही गणपतीपुढे लॅपटॉप ठेवून तेच लावत होतो. सासूबाई ते ऐकायला नवी साडी नेसून बसायच्या.

आता माझी लाज. लॅपटॉपबाहेर या रेकॉर्डिंगची एकच कॉपी होती, एका पेनड्राइव्हवर. नितीनच्या मोबाइलमधली त्याच्या मोबाइलबरोबर चोरीला गेली. जगाला बॅकअप घ्या म्हणून सांगणारी बाई घरात, आणि तिच्याच घरी ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आठवडाभर आधी तात्यांच्या लॅपटॉपने मान टाकली. आतली डिस्कच गेली होती, आणि तिच्याबरोबर मूळ रेकॉर्डिंगही. नितीन म्हणाला, "टीव्हीला लाव ना पेनड्राइव्ह." पण टीव्ही मखराच्या मागे गेलेला, त्यावर दादांनी हिंदमाताहून आणलेलं जांभळं मखमली कापड ताणलेलं. आणि सासूबाईंचा हट्ट – "त्येंच्या यंत्रारच लावूचा." मी म्हटलं, सोपं आहे, नवीन डिस्क नको की काही नको. एक छोटी, हलकी ऑपरेटिंग सिस्टिम असते, ती पेनड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू करायचा. ती आख्खी लॅपटॉपच्या मेमरीत जाऊन बसते आणि मस्त चालते. फक्त एक आहे, लॅपटॉप बंद केला की ती सगळं विसरते. तुम्ही त्यात काहीही सेव्ह केलेलं असो, पाटी कोरी.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी कामावर निघताना मी कपाटावरच्या डब्यातून माझा पेनड्राइव्ह उचलला. आमच्याकडे दोन होते, दोन्ही अगदी सारखे. चाळीच्या भजनी मंडळाच्या पन्नास वर्षांच्या कार्यक्रमात सगळ्यांना वाटलेले, भगवे, वर टाळांचं चित्र. एक माझा. दुसऱ्यावर तात्यांचं गाऱ्हाणं. त्यांच्या पेनड्राइव्हवर सासूबाई दर दसऱ्याला कुंकू लावायच्या, त्यामुळे गोंधळ होण्याचा प्रश्न नव्हता. कुंकू दिसलं की हात लावायचा नाही, एवढंच. मी उचलला त्यावर कुंकू नव्हतं.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत काम उरकलं. 'यावरचा सगळा डेटा पुसला जाईल, पुढे जायचं का?' असं ते सॉफ्टवेअर विचारतं. हा प्रश्न मी दिवसातून चारदा बघते. मी एका हाताने डब्यातला उपमा खात होते, दुसऱ्या हाताने 'हो' केलं.

गणेशचतुर्थीच्या सकाळी मूर्ती बसली. साडेनऊला मी आतल्या खोलीत पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावल्या आणि दोन मिनिटांत साधासा निळा डेस्कटॉप उघडला. मेलेला लॅपटॉप उठून बसला! मी खुशीत ओरडले, "आई, तात्यांचा पेनड्राइव्ह द्या." सासूबाईंनी डबाच आणून दिला. दुसरा पेनड्राइव्ह लावला... त्यात माझ्या पगाराच्या स्लिपा, गॅसचं बिल आणि माझा पासपोर्ट साइज फोटो.

मी शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "आई, याच्यावर कुंकू असायचं ना?"

"पुसलंय मां. साफसफाई करताना दोनय पुसून ठेयलंय," त्या म्हणाल्या आणि वडे थापायला निघून गेल्या.

मी तात्यांचा आवाज पुसला होता. उपमा खाता खाता. त्या बाईकडे नवऱ्याचं म्हणून एवढंच उरलं होतं, ती बाहेर नवी साडी नेसून वडे थापत होती, आणि तीन तासांनी ती हात जोडून बसणार होती. कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. मी खोलीचं दार लोटून घेतलं, कडी लावली.

तांत्रिक बाजू अशी, की सगळंच संपलेलं नव्हतं. पेनड्राइव्ह आठ जीबीचा आणि मी चढवलेली सिस्टिम एक जीबीच्या आतली. ती पुढच्या भागावर बसली, मागचा भाग तसाच पडून असतो. तिथे फाइल असली तर खरवडून काढता येते. मोबाइलचं इंटरनेट जोडून मी त्यासाठीचं सॉफ्टवेअर घेतलं आणि शोध लावला. एक टक्का... दोन टक्के... मधे नितीनने दार वाजवलं. "झालं का गं?"

"होतंय."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"सर्दी."

बाराच्या सुमारास एक फाइल सापडली. एकच. नाव गेलेलं, नुसता आकडा. मी डेस्कटॉपवर सेव्ह केली, हेडफोन लावून सुरू केली, आणि तात्यांचं खाकरणं ऐकू आलं. मग, "बा देवा म्हाराजा..." मी तोंडावर ओढणी दाबून रडले. फाइलची लांबी पाच मिनिटं दोन सेकंद दिसत होती. दिसली मला, खोटं कशाला बोलू. पण अशा सोडवलेल्या फायलींची लांबी बऱ्याचदा चुकीची दिसते, म्हणून लक्ष दिलं नाही. शेवटपर्यंत ऐकलीही नाही. खरं तर त्याच मिनिटाला ती माझ्या पेनड्राइव्हवर कॉपी करायला हवी होती. हे मी लोकांना ओरडून ओरडून शिकवते. पण बाहेरून हाका सुरू झालेल्या, नैवेद्याचं पान वाढलेलं, आणि मला इतकं हायसं वाटलं होतं की म्हटलं, जेवण झाल्यावर करू.

लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली, तो फक्त चार्जरवर चालायचा. तसाच उचलला असता तर बंद पडला असता. म्हणून लांब वायरीचा बोर्ड ओढत, चार्जर न काढता, मी आणि नितीनने तो गणपतीपुढे नेऊन ठेवला. बोर्डाशेजारी दादा उभे होते. सासूबाई पाटावर बसल्या. शेजारच्या खोलीतली चार माणसं धरून आम्ही बाराजण.

मी फाइल लावली.

"बा देवा म्हाराजा... आज ह्या लेकरांनी तुका घरात हाडल्यानी आसा. जी काय मोडकीतोडकी सेवा केल्यानी, ती गोड मानून घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"गिरण बंद पडली, तरी दोन वेळचा पोटाक कमी केलंस नाय. तसाच फुडेय ठेव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

सगळं नेहमीचं. शब्द न् शब्द पाठ झालेले. सासूबाईंचे डोळे मिटलेले. शेवटचं वाक्य आलं, "कोणाची काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल रे म्हाराजा." आम्ही व्हय म्हाराजा म्हटलं. दर वर्षी इथे खट् असा आवाज होऊन रेकॉर्डिंग संपतं. दादांनी आरतीचं तबक उचललंसुद्धा.

खट् झालं नाही. खुर्ची करकरली. तात्या खाकरले.

"आणि एक रायला म्हाराजा... धाकटे सुनेच्या हातान माझो आवाज पुसलो गेलो. तिना मुद्दाम करूक नाय. सकाळधरना ती दार लावन एकटीच भियान बसली. तिची चूक पोटात घाल... आणि घरात तिका कोणी एक शब्द बोलूचो नाय, अशी सगळ्यांका बुद्धी दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. सवयीने. आधी तोंडातून निघून गेलं, मग काय ऐकलं ते डोक्यात शिरलं. मी बघितलं ते शिरताना. एकेक तोंड उघडं पडत गेलं. शेजारच्या काकूंनी माझ्याकडे वळून बघितलं.

आणि दादांनी, तबक हातात तसंच धरून, दुसऱ्या हाताने चार्जरचा प्लग उपटला. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. घाबरले, दुसरं काय. स्क्रीन काळी झाली. मेमरीत होतं नव्हतं ते गेलं, डेस्कटॉपवरची ती फाइलही.

"ए, काय होतं हे?" दादांचा आवाज चिरकला. "नित्या, कोणी केलं हे?"

नितीन माझ्याकडे बघत होता. "अनघा... काय पुसलं गेलं?"

मी सगळं सांगितलं. तिथेच, गणपतीपुढे, रडत, शेजाऱ्यांच्या देखत. पेनड्राइव्ह, कुंकू, 'पुढे जायचं का?', बंद दार. मग दादा म्हणाले, "म्हणजे तूच बनवलंस. आजकाल कुणाचाही आवाज बनवता येतो कॉम्प्युटरवर, मी बघितलंय मोबाइलमध्ये. स्वतःची चूक झाकायला मेलेल्या माणसाच्या तोंडी..."

अडीच तास कडी लावून कॉम्प्युटर घेऊन बसले होते मी. सर्दी झाली म्हणून नवऱ्याशी खोटं बोलले होते. मी दादांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. आणि मी केलं नव्हतं, हे दाखवायला जी एक वस्तू होती ती त्यांच्याच हाताने गेली होती.

तेव्हा सासूबाई पाटावरून उठल्या. डोळे पुसले, निऱ्या झटकल्या. "दादा, आत्ताच सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलास मां? तुयाय म्हटलंस." दादांनी हातातला प्लग खाली टाकला. "मग झाला. आता हेच्यार कोणी एक शब्द बोलाचो नाय. आरती घेवा, वडे निवतत."

आणि आरती झाली. सगळे जेवलो. काळ्या वाटाण्याच्या उसळीला मीठ कमी होतं, तेही कुणी बोललं नाही. सासूबाई दर दोन मिनिटांनी माझ्या ताटात वडा टाकत होत्या.

दुपारी मी पुन्हा लॅपटॉप सुरू केला, त्याच पेनड्राइव्हवर पुन्हा तोच शोध लावला. या वेळी नितीन आणि दादा दोघे माझ्या दोन बाजूंना बसले होते, पोलीस बसतात तसे. पुन्हा एकच फाइल सापडली. पहिली गोष्ट म्हणजे ती तीन ठिकाणी कॉपी केली. मग लावली. चार मिनिटं दहा सेकंद. 'पोटात घाल रे म्हाराजा', थोडी शांतता, खट्. पुढे काही नाही. त्यानंतर शोध सातदा लावला, ऑफिसच्या मशीनवर लावला, एका जाणकार मित्राकडून लावून घेतला. दर वेळी चार मिनिटं दहा सेकंद.

"बघ," दादा म्हणाले. एवढंच. सासूबाईंनी बंदी घातली होती ना.

पुढच्या रविवारी मी गिरगावात बाबांकडे गेले. आयुष्यभर लोकांच्या चमत्कारांची चिरफाड केलेला माणूस, म्हटलं हे सोडवेल. त्यांनी वही काढली. लालबागला येऊन बाराही जणांना वेगवेगळं बसवून विचारलं, अगदी दादांनासुद्धा. काय ऐकलं, कुठल्या शब्दांत, त्याआधी काय, त्यानंतर काय. दोघांतिघांनी शब्द मागेपुढे केले, पण 'धाकटी सून', 'आवाज पुसलो' आणि 'दार लावन' हे सगळ्यांनी सांगितलं. मग बाबांनी मला एकटीला गॅलरीत नेलं.

"तू केलंस का?"

"नाही, बाबा."

"आवाज बनवायचं ते... तुला येतं?"

"शिकले तर येईल. पण मला मालवणी बोलता येत नाही. 'भियान' म्हणजे भीतीने, हे मला त्या दिवशी कळलं."

त्यांनी वही उघडून नोंदींवरून बोट फिरवलं. "सगळ्यांना एकदम भास होणं शक्य आहे. पण आधी म्हणावं लागेल की तुझ्या मनातलं अकरा जणांना कळलं होतं. मग तेही समजावून द्यावं लागेल." वही मिटली. "मला माहीत नाही, अनघा. उद्या कळेल कदाचित. आज नाही माहीत."

मलाही नाही माहीत. मी अजून देवाला हात जोडत नाही, अमावस्येच्या गोष्टींना अजून हसते. इथे कुणाकडे तांत्रिक स्पष्टीकरण असेल तर जरूर द्या, मी सगळं तपासून बघेन. फक्त 'तुम्ही दमला होता' असं म्हणू नका. दमलेली मी एकटी होते, ऐकणारे बाराजण.

गेल्या गणपतीला पुन्हा ते रेकॉर्डिंग लावलं. आता ते चार मोबाइलमध्ये आणि तीन पेनड्राइव्हवर आहे, पण सासूबाईंच्या हट्टापायी लॅपटॉप तोच. 'पोटात घाल रे म्हाराजा' झालं. आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं. खट् वाजलं. संपलं.

कुणीही हललं नाही. आरतीचं तबक खालीच होतं. सासूबाई डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून ऐकत होत्या. नितीन स्क्रीनकडे टक लावून होता. आणि दादा, जे आजही मानतात की तो आवाज मीच बनवला, ते बोर्डापासून चार हात लांब भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही हात छातीशी घट्ट जोडून.

मिनिटभर थांबलो असू. खालून ढोलाचा आवाज येत होता, बाकी काही नाही. काही येणार नाही हे मला ठाऊक होतं, येऊ नये असंच मी वर्षभर म्हणत होते. तरी नाही आलं, तेव्हा मला रडू फुटलं.